खिंड आणि पॉइंट

आमची आजी केट्स पॉइंटला कधी केट्स पॉइंट म्हणाली नाही. ती ‘नाकेखिंड’ म्हणायची. तिचं माहेर वाईच्या पश्चिमेला, कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात. तिथून महाबळेश्वरच्या बाजारात, तिच्या भाषेत ‘पेठेत’, जायचं तर अंधार असतानाच निघायचं, पाटीत तूप, कोंबड्या, हंगामात करवंदं असं जे विकण्यासारखं असेल ते घ्यायचं आणि खिंडीतून वर चढायचं. “खिंडीत पोचलं की वारं लागायचं. मग पाटी उतरायची, पानी प्यायचं, आन् पेठंची वाट धरायची,” असं ती सांगायची. नाकेखिंडीतून काय दिसतं, हे तिच्या कुठल्याच गोष्टीत नव्हतं.

मी आठवीत असताना आमच्या शाळेची सहल महाबळेश्वरला गेली. मास्तरांनी पॉइंटांची नावं वहीत उतरवून घ्यायला लावली होती. परत आल्यावर मी ती यादी आजीला वाचून दाखवली आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, “त्याला नाकेखिंड म्हणत नाहीत आजी, केट्स पॉइंट म्हणतात.” ती म्हणाली, “आसंल बाबा. तुमी शिकल्याली मानसं.” त्यानंतर तिनं तो शब्द माझ्यासमोर उच्चारल्याचं मला आठवत नाही.

पुढे पंधरा-वीस वर्षांनी, नोकरीतून मिळणाऱ्या सुट्ट्यांत मी जुन्या पुस्तकांच्या नादाला लागलो. महाबळेश्वरबद्दलच्या एका जुन्या इंग्रजी वर्णनात केट्स पॉइंटचं मूळ नाव म्हणून ‘नाके खिंड’ हे शब्द छापलेले दिसले. रोमन लिपीत, जरा वेडेवाकडे, पण तेच. आजी तोवर गेली होती. महाबळेश्वरच्या पॉइंटांचा माझा अभ्यास, त्याला अभ्यास म्हणायचं असेल तर, त्या दुपारी सुरू झाला.

फक्त नाव बदललं असतं तर ही गोष्ट एका परिच्छेदात संपली असती. साहेबांनी आपली नावं दिली, आपण ती घोकली, असं म्हणून थोडं चिडता आलं असतं. पण मी त्या जागा जितक्या वेळा पायी पाहिल्या, तितकं मला वाटू लागलं की नावाबरोबर तिथली वस्तूच बदलली आहे. खिंडीला दोन बाजू असतात. एका बाजूनं माणूस येतो आणि दुसऱ्या बाजूला उतरतो. पॉइंटला एकच बाजू असते. तिथे गाडी थांबते, कठड्यापर्यंत जायचं असतं आणि आल्या वाटेनं परतायचं असतं. जिथून वाट पुढे जात होती तिथे ती संपवली गेली, आणि त्या संपण्याला ‘दृश्य’ असं नाव मिळालं.

हे कसं घडलं ते समजून घ्यायचं तर आधी डोंगराची घडण पाहायला हवी. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. एकावर एक थर बसत गेले, सगळ्यात वर जांभ्याचं टोपण तयार झालं. महाबळेश्वरचं पठार म्हणजे हे टोपण. उंची फार नाही, साधारण १,३७० मीटर. हिमालय पाहून आलेला माणूस याला डोंगर म्हणायला कचरेल. पण पश्चिमेला हे पठार एकदम तुटतं, आणि पावसाचा सगळा मारा याच बाजूला असतो. महाबळेश्वरात वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. तोच ढग पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला पोहोचेपर्यंत त्याचा पाव किंवा फार तर तिसरा हिस्सा उरतो. एवढं पाणी उतारावरून कोसळताना ओढे कड्याला मागे मागे खात जातात. दोन ओढ्यांच्या मध्ये जो भाग खायचा राहतो तो पुढे आलेला दिसतो. त्याला आपल्याकडे सोंड म्हणतात, दांड म्हणतात, अरुंद असेल तर धार, टोकाला नाक. या सोंडेच्या टोकावर उभं राहिलं की तीन बाजू मोकळ्या. आणि सोंडेच्या बाजूला, जिथे पाण्यानं कडा खाल्लेला असतो, तिथे नाळ किंवा खिंड तयार होते. माणसाला आणि गुराला वरखाली करायला तेवढीच जागा.

म्हणजे टोक आणि वाट ही जुळी भावंडं आहेत. एकाच पाण्यानं दोन्ही घडवली. महाबळेश्वरात ज्या ज्या ठिकाणी आज कठडा आणि मक्याच्या कणसांच्या गाड्या आहेत, त्याच्या आसपास बहुधा खाली उतरणारी एक वाट सापडतेच. ‘नाकेखिंड’ या नावात तर ही दोन्ही भावंडं शेजारी बसलेली आहेत: नाक आणि खिंड. ‘नाके’ हे ‘नाका’वरून, म्हणजे जकातीच्या किंवा पहाऱ्याच्या चौकीवरून आलं, असंही म्हणता येईल आणि घाटवाटेच्या तोंडाशी नाका असणं अगदी स्वाभाविक आहे. मला स्वतःला नाक जास्त पटतं, कारण खालून, आजीच्या माहेरच्या बाजूनं पाहिलं की ते नाकच दिसतं. वरून पाहणाऱ्याला आपण नाकावर उभे आहोत हे कधीच कळत नाही.

इथेच बाजूला ‘नीडल होल पॉइंट’ आहे. कड्याच्या टोकाला आरपार भोक पडून हत्तीची सोंड लोंबावी तसा खडक तयार झाला आहे, म्हणून त्याला एलिफंट पॉइंटही म्हणतात. सुईच्या भोकाला मराठीत नेढं म्हणतात, आणि डोंगरात आरपार भोक असलं की त्यालाही आपण नेढंच म्हणतो. राजगडाला नेढं आहे, रतनगडाला आहे. नीडल होल हे कुणा साहेबाला सुचलेलं नाव असेल किंवा त्यानं बरोबरच्या वाटाड्याला विचारून शब्दाला शब्द ठेवला असेल. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. तसं असेल तर सगळ्या पॉइंटांत हे एकच नाव पुसलं न जाता फक्त कपडे बदलून उभं आहे.

टोकावर उभं राहून लांब पाहायचं हे इंग्रजांनी आपल्याला शिकवलं, असं मात्र नाही. फक्त आपल्याकडच्या पाहण्याला काम होतं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचं प्रकरण आहे. गडाजवळ गडाला वरचढ ठरेल असा दुसरा डोंगर असू नये, असलाच तर सुरुंग लावून तो उतरवावा, तेही शक्य नसेल तर तो बांधून ताब्यात घ्यावा, असा त्यातला विचार आहे. चांगला देखावा दिसणारी जागा म्हणजे शत्रूला तुमच्या घरात डोकावायला मिळणारी जागा, हे त्यामागचं साधं गणित. गडाच्या आणि घाटाच्या वाटांवर पहाऱ्याची मेटं असत. पाचगणीहून महाबळेश्वरला येताना मेटगुताड गाव लागतं. त्यातल्या ‘मेट’ या शब्दाकडे आपलं लक्षही जात नाही. जावळीचं रान हे तर वाटा माहीत असणाऱ्यांचंच राज्य होतं. १६५६ मध्ये मोऱ्यांकडून जावळी शिवाजी महाराजांकडे आली, प्रतापगड उभा राहिला, आणि १६५९ मध्ये वाईहून निघालेलं अफजलखानाचं सैन्य हे पठार ओलांडून ज्या वाटेनं जावळीत उतरलं तिचं नाव रडतोंडीचा घाट.

रडतोंडी! चढताना किंवा उतरताना तोंडाची काय अवस्था होते ते या नावात आहे. हे पायांनी ठेवलेलं नाव. अशा नावांत माणूस कोण होता ते कळत नाही, पण त्याचा घाम कळतो.

आता तो घाट कुठे आहे ते पाहा. महाबळेश्वरात सूर्यास्त बघायला सगळे जातात त्या बॉम्बे पॉइंटच्या खाली. “इथून मुंबई दिसते का हो?” हा प्रश्न मी तिथे किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. मुंबई दिसत नाही. मुंबईला जायची जुनी वाट इथून उतरत होती म्हणून ते नाव. फिट्झजेरल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळीचा घाट, १८७६ च्या सुमारास गाड्यांसाठी खुला झाला. त्याआधी मुंबईचे साहेब समुद्रमार्गे येऊन सावित्रीच्या खाडीतून महाडकडे येत आणि तिथून पारच्या वाटेनं पालखीत बसून वर चढत. पालखीत बसणारा चढत नाही, हे खरं. चढणारे भोई निराळे. बॉम्बे पॉइंट हे इंग्रजी नाव असलं तरी स्वभावानं ते आजीच्या नाकेखिंडीच्या जातीचं आहे: पुढे कुठे जायचं ते सांगणारं. आज त्याला सर्रास सनसेट पॉइंट म्हणतात. म्हणजे वाट सांगणारं इंग्रजी नावही मागे पडलं आणि देखावा सांगणारं दुसरं इंग्रजी नाव त्यावर बसलं. हे मला फार बोलकं वाटतं, कारण यात गोऱ्या माणसाचा हात नाही. हे आपण केलं.

पण सुरुवात त्यांची. १८२४ च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या पलटणीतला पीटर लॉडविक नावाचा अधिकारी रान तुडवत पठाराच्या एका टोकावर आला. त्या टोकाला आधी सिडनी पॉइंट आणि नंतर त्याच्या स्मरणार्थ लॉडविक पॉइंट म्हणू लागले. त्याच्या मुलानं तिथे उभारलेला स्तंभ अजून आहे, आणि या डोंगरावर पाय ठेवणारा तो पहिला युरोपीय, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. ‘युरोपीय’ हा शब्द घालण्याचा प्रामाणिकपणा तरी त्यांनी दाखवला. आपल्या माहितीपुस्तिकांत तोही गळतो आणि लॉडविकनं महाबळेश्वरचा ‘शोध लावला’ असं छापलं जातं. पंचगंगेच्या देवळात तेव्हाही यात्रेकरू येत होते, जिजाबाईंची सुवर्णतुला इथेच झाली होती, आणि खोऱ्यातल्या बाया पाट्या घेऊन वरखाली करतच होत्या.

लॉडविकनंतर साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यानं प्रतापसिंह महाराजांच्या मागे लागून साताऱ्याहून वर रस्ता करवून घेतला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम इथल्या हवेच्या प्रेमात पडला आणि आजारी गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम काढायचं ठरलं. १८२९ मध्ये करार होऊन महाराजांनी ही जागा कंपनीला दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. (बोरघाटातलं खंडाळा नव्हे, सातारा जिल्ह्यातलं.) एका बाजूला पिकणारं गाव आणि दुसऱ्या बाजूला थंड हवा, असा तो सौदा. नव्या वस्तीला माल्कमपेठ नाव पडलं. आजीची ‘पेठ’ ती हीच. दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनीनं प्रतापसिंहांना पदच्युत केलं. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं.

मग नावांचा पाऊस पडला. एल्फिन्स्टन, माल्कम, कारनॅक, फॉकलंड हे गव्हर्नर, बॅबिंग्टन, कुणाची हेलन, आणि माल्कमची मुलगी केट. हा क्रम लवकर थांबला असंही नाही. पठारावरचं सगळ्यात उंच ठिकाण, सिंदोळा, याला विल्सन पॉइंट म्हणू लागले ते विसाव्या शतकात, १९२३ ते १९२८ मध्ये गव्हर्नर असलेल्या लेस्ली विल्सनवरून. तोवर टिळकांना जाऊन काही वर्षं झाली होती.

या नावांच्या मागे एक फॅशन होती आणि तिचं मूळ महाबळेश्वरात नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये सुखवस्तू लोकांना डोंगर पाहायला जाण्याचं वेड लागलं. तिथल्या लेक डिस्ट्रिक्टवर टॉमस वेस्ट यानं १७७८ मध्ये मार्गदर्शिका लिहिली, आणि त्यात कुठे उभं राहिलं असता तळं आणि डोंगर चित्रासारखे दिसतील त्या जागा नेमून दिल्या. त्या जागांना तो ‘स्टेशन’ म्हणतो. (आपल्या हिल स्टेशनातलं स्टेशन वेगळं, ते छावणीचं.) काही हौशी मंडळी गडद रंगाचा फुगीर आरसा घेऊन फिरत. देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात तो चित्रासारखा चौकटीत बसवून पाहायचा. आज कठड्याला पाठ टेकून, हात लांब करून, फोनमध्ये स्वतःसकट दरी पाहणाऱ्या पोरापोरींना हसणाऱ्यांनी हा आरसा ध्यानात ठेवावा. हे अडीचशे वर्षांचं जुनं खूळ आहे.

ही फॅशन सह्याद्रीत कशी उतरली याचा एक धागा मला एका घराण्यात सापडला, आणि तो सापडला तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. महाबळेश्वरच्या पॉइंटांत सगळ्यात नावाजलेला आर्थर सीट. तो आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट, तिथे पहिलं घर बांधणारा. त्याची बायको आणि मूल सावित्रीच्या खाडीत बुडाले आणि तो इथे बसून नदीकडे पाहत राही, अशी गोष्ट वाटाडे सांगतात. इकडे माथेरानची गोष्ट घेतली तर १८५० मध्ये चौक गावात मुक्कामाला असलेला ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढला आणि पुढे त्यानं तिथे घर बांधलं. आर्थर आणि ह्यू हे सख्खे भाऊ. त्यांचे वडील सर चार्ल्स मॅलेट, पुण्यात पेशव्यांच्या दरबारी असलेले इंग्रजांचे पहिले रेसिडेंट. इथवर अनेकांना माहीत असतं. पण त्यांची आई सुझाना ही जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची मुलगी. हा वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला, मुंबई बेटाची आणि आसपासची दृश्यं त्यानं रेखाटली, पुण्यात सवाई माधवरावांचं आणि नाना फडणविसांचं चित्र काढलं, वेरूळच्या लेण्यांच्या कामात गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच्याबरोबर होता. १७९५ मध्ये वेल्स वारला. सह्याद्रीच्या दोन डोंगरांवर ‘पॉइंट’ रुजवणारे दोन भाऊ एका दृश्यचित्रकाराचे नातू होते. रक्तातून डोळे येतात असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात आजोबांची मुंबईची दृश्यं छापील पुस्तकात असतील, त्या घरातल्या मुलांना डोंगराच्या टोकावर पोहोचल्यावर चौकट दिसणारच.

माथेरानला एक गंमत मात्र उरली. तिथल्या चौक पॉइंटला खालच्या चौक गावाचं नाव आहे. लुइझा, अलेक्झांडर यांच्या गर्दीत ते नाव वाट दाखवतं.

आर्थर सीटचं जुनं नाव मढीमहाल. तिथे उभं राहिलं की पश्चिमेला सावित्रीचं खोल खोरं आणि दुसऱ्या बाजूला जोरचं खोरं, म्हणजे कृष्णेचं पाणी. मधली धार इतकी अरुंद की पावसाळ्यात एकाच ढगाचं अर्धं पाणी बाणकोटला अरबी समुद्रात आणि अर्धं आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. पर्यटकांना मात्र तिथे दुसरंच दाखवतात. बाटलीचं झाकण किंवा कागदाचा बोळा दरीत फेकला की तो वर परत येतो. यात दैवी काही नाही. पश्चिमेचा वारा उभ्या कड्यावर आदळला की त्याला जायला वरच जागा असते. तो भिंतीलगत वर चढतो आणि हलकी वस्तू उचलून आणतो. आजीच्या ‘खिंडीत पोचलं की वारं लागायचं’ या वाक्यातही तेच आहे, फक्त तिला तो वारा घाम पुसण्यासाठी हवा होता. जी झाकणं परत येत नाहीत ती खालच्या रानात साठतात.

ते रान मी पाहिलं आहे, कारण एकदा आम्ही चौघे पोलादपूरकडच्या ढवळे गावातून ढवळे घाटानं वर आलो. चंद्रगड डाव्या हाताला ठेवून, दाट झाडीतून, पूर्ण दिवसाची चाल. शेवटच्या टप्प्यात झाडी विरळ होते, माणसांचे आवाज येऊ लागतात आणि एकदम कठड्यामागे उभी असलेली शंभरेक माणसं दिसतात. त्यांना आम्ही देखाव्यातून बाहेर पडल्यासारखे वाटलो असू. एका लहान मुलानं वडिलांना विचारलं, “बाबा, हे लोक तिथे कसे गेले?” वडील म्हणाले, “तिथे जायचं नसतं.” आर्थर सीटला रोज येणाऱ्या बहुतेकांना त्या कड्यात वाट आहे हे माहीत नसतं, माहीत असण्याचं कारणही उरलेलं नाही. ज्या गावांना त्या वाटेची गरज होती त्यांना एसटीनं आंबेनळीच्या घाटानं फिरवून आणायला सुरुवात केली. कोकणातून मीठ आणि वरून धान्य अशी देवघेव डोक्यावरून करायची गरज संपली, हे चांगलंच झालं. वाटा कुणी केवळ दुष्टपणानं बंद केल्या नाहीत. रडतोंडी चढणारं तोंड रडतंच होतं, हे विसरून त्या वाटांचं कौतुक करणं शहरी माणसाला सोपं असतं, आणि मीही आता शहरातच राहतो.

तरी एका गोष्टीची चुटपुट लागते. वाट गेली तेव्हा तिच्याबरोबर जागा मोजण्याची रीत गेली. आज महाबळेश्वर आपण पॉइंटांच्या संख्येनं मोजतो. टॅक्सीवाला विचारतो, “किती पॉइंट करायचे?” पॉइंट ‘करायचे’ असतात, आटपायचे असतात. प्रतापगड एक, जुनं महाबळेश्वर एक, आर्थर सीटकडचे मिळून अमुक. ही मोजणी केवळ व्यापारी नाही. सहलीच्या वहीत मीही तीच केली होती, आणि तिच्यात न बसणारं आजीचं नाव मी खोडलं होतं.

चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, आजीच्या भावाच्या नातवाला घेऊन मी ती खिंड खालून चढायचं ठरवलं. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, वाईत दुकान चालवतो. मला तो दादा म्हणतो, पण रानात शिरल्यावर दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करत पुढे तोच होता. पायथ्याची चाल निम्मी बदलली आहे. कृष्णेवर आधी धोमचं धरण झालं, नंतर त्याच्या वर बलकवडीचं. आजी जिथून निघायची तिथली खालची शेतं आणि वस्ती पाण्यात गेली आहेत, म्हणून आम्हाला वळसा घेऊन चढाला लागावं लागलं. घाणेरी माजलेली, कारवीनं वाट झाकलेली, दोनदा चुकलो. पण ज्या ठिकाणी वाट खरीच होती तिथे ती अगदी स्पष्ट होती: दगड झिजलेले, वळणं चढाच्या अंदाजानं घेतलेली, ओझं घेतलेल्या माणसाला टेकता येईल अशा उंचीचे दोन-तीन कट्टे. शेवटी वारं लागलं. आम्ही पाणी प्यायलो. उतरायला पाटी नव्हती, पाठीवरच्या पिशव्या होत्या.

टोकावर आलो तेव्हा दहा वाजले असतील. गाड्या यायला लागल्या होत्या. कमळगड, त्याच्या मागे पांडवगड, लांब मांढरदेवचा डोंगर, आणि खाली निळंशार पाणी. ‘केट्स पॉइंटचा देखावा’ म्हणून दिनदर्शिकांवर छापलं जातं ते हेच पाणी. शेजारी उभ्या जोडप्यातल्या मुलीनं विचारलं, “काका, त्या तळ्याचं नाव काय?” मी धरणाचं नाव सांगितलं. माझा भाऊ कठड्यावर हात ठेवून म्हणाला, “दादा, ते डाव्या अंगाला पाणी जरा गढूळ दिसतंय ना, तिथं आमचं वावर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध वर येतो.” मुलीनं त्या दिशेला फोन धरून एक फोटो काढला.

मागे कणसं भाजत बसलेल्या बाईला मी विचारलं, “मावशी, या खालच्या वाटेला काय म्हणतात?” तिनं नाकेखिंड हा शब्द ऐकलेला नव्हता. मी दोनदा उच्चारून पाहिला. ती म्हणाली, “नाव काय नाय बगा. आमच्या बाया जाळणाला उतरत्यात तिथनं.” किती खाली जातात, असं मी विचारलं. “त्या मोठ्या दगडापतुर. तिथं टेकायला बरं हाय.” आम्हीही त्याच दगडापाशी टेकलो होतो. तिनं दोन कणसांना मीठ-लिंबू लावलं आणि आमच्या हातात दिली.